वर्ल्ड फेमस कवळी

कवळी करणाऱ्या माणसाचं नाव होऊ नये, असं काकांचं ठाम मत होतं. त्यांचं नाव आजवर झालंही नव्हतं, त्यामुळे मत आणि वस्तुस्थिती यांचं चांगलं जमून गेलं होतं. शिंप्याचं वेगळं असतं. नवा सदरा घालून माणूस चार लोकांत मिरवतो, कुणी विचारलं तर शिंप्याचा पत्ताही देतो. पण नवी कवळी घालून "बघा, कशी बसलीय" असं सांगत फिरणारा माणूस काकांना भेटलेला नव्हता. शेजारी बसून जेवणाऱ्यालाही जिचा पत्ता लागत नाही तीच चांगली कवळी, असं ते मानत. या हिशोबाने जितकं काम चोख, तितका कारागीर अज्ञात. काका अगदी अज्ञात होते.

तळमजल्यावरच्या घराची मागची खोली हा त्यांचा कारखाना. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि काका प्लास्टरचे साचे, मेण, बारीक कानशी असल्या पसाऱ्यात बसून कवळ्या करत. डागडुजीसाठी मात्र गिऱ्हाईक स्वतः यायचं. ते मागच्या दाराने यायचं, तोंडाला रुमाल लावून यायचं आणि आपण इथे आलोच नाही अशा चेहऱ्याने जायचं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर जिन्यात भेटले तर नुसती मान हलवत. तेच मागच्या दाराशी आले की आवाज खाली आणून म्हणत, "जरा डावीकडे टोचतंय." अर्ध्या इमारतीचं हसू काकांच्या हातचं होतं, आणि हे गुपित त्यांनी काकूंपाशीदेखील फोडलं नव्हतं. काकूंना ते सगळं ठाऊक होतं, ही गोष्ट निराळी.

घराला पुढचंही दार होतं. ते रस्त्यावर उघडत असे, म्हणजे उघडलं असतं तर. वर्षानुवर्षं त्याला आतून कडी होती, कारण त्या दाराने यायची कुणाची छाती नव्हती.

या शांत संसारात मेव्हण्याने पाय घातला. काकूंचा हा धाकटा भाऊ कुठल्या ना कुठल्या वस्तूची विक्री करायचा. वस्तू बदलत असे, उत्साह तोच असे. एका संध्याकाळी मागच्या खोलीत स्टुलावर बसून, एका बिनमालकाच्या कवळीशी खेळत तो म्हणाला, "दाजी, तुमचा धंदा लाजून लाजून मरणार आहे. पाटी लावा."

काका नको म्हणाले. काकूंनी भावाची बाजू घेतली. शेवटी पाटी लहान असावी आणि तिच्यावर 'कवळ्या करून व दुरुस्त करून मिळतील' एवढंच असावं, या अटीवर काका कबूल झाले. आयुष्यातल्या बहुतेक संकटांना त्यांनी अशीच अट घालून घरात घेतलं होतं.

पेंटर मेव्हण्याच्या ओळखीचा निघाला. मोकळी जागा म्हणजे कामचुकारपणा, असं या पेंटरचं तत्त्व. पाटीवर वीतभर जरी रिकामं राहिलं तरी लोक आपल्याला नावं ठेवतील अशी त्याला धास्ती असायची. काकांचा मजकूर पाटीच्या खालच्या अर्ध्या भागात मावला. वरचा अर्धा भाग भरण्यासाठी पेंटरकडे पत्र्यात कापलेला एक तयार छाप होता. काका डॉक्टरांकडे कवळ्या पोचवून परत आले तेव्हा पुढच्या दारावर, रस्त्याकडे झुकवून, पाटी चढली होती आणि तिच्यावर लालभडक इंग्रजी अक्षरांत वर्ल्ड फेमस असं झळकत होतं. कवळ्यांचा उल्लेख त्या दोन शब्दांच्या पायाशी दबून बसला होता.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"ते मी सगळ्यांनाच घालतो," पेंटर ब्रश पुसत म्हणाला. "आजवर कुणाची तक्रार नाही."

ते खरंच होतं. काकांनी गल्लीवरून नजर फिरवली. चावीवाला वर्ल्ड फेमस होता. इस्त्रीवाला होता. पंक्चर काढणाऱ्याचं सगळं दुकान एका खोक्यात मावायचं, पण त्या खोक्यावरही छाप होता. या गल्लीत जगाला अपरिचित असे एकटे काकाच उरले होते, आणि आता तेही संपले.

त्या शब्दांचा अर्थ काकांना कळत नव्हता असं नाही. पण एखादी गोष्ट फार टोचायला लागली की माणूस जाणत्याकडून तिची खात्री करून घेतो. ते वर जाऊन हेडमास्तरांना भेटले. हेडमास्तरांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं. विशेषण म्हटल्याबरोबर त्यांची पाठ ताठ झाली. ते म्हणाले, "वर्ल्ड फेमस म्हणजे जगभर माहीत असलेला. बस्स. चांगला की वाईट, ते या शब्दात येत नाही. लोक समजतात प्रशस्तिपत्रक आहे. तसं काही नाही. एखादं बुडालेलं जहाजसुद्धा वर्ल्ड फेमस असतं." हे सगळं त्यांनी काकांनीच केलेल्या दातांमधून ऐकवलं, आणि एकही अक्षर घसरलं नाही. त्या अवस्थेतही काकांना जरा बरं वाटलं.

पुढे मात्र बरं वाटावं असं काही घडेना. पाटी वाचायला लोक घरासमोर थांबू लागले, आणि लोक थांबू लागले म्हटल्यावर मागच्या दाराची वर्दळ आटली. तोंडाला रुमाल लावून मागच्या बोळात शिरणाऱ्याकडे आता सगळी गल्ली कौतुकाने बघे. हेडमास्तरांची डावी बाजू टोचतच राहिली असणार, कारण ते फिरकले नाहीत. काकांचा जीव थाऱ्यावर राहीना. ते साचा हातात घेत, खाली ठेवत, उठून पुढच्या खिडकीशी जात, पाटीची मागची बाजू बघत आणि परत येऊन बसत. पाटीच्या मागच्या बाजूला वाचण्यासारखं काही नव्हतं. काकू म्हणाल्या की एवढं खुपतंय तर शिडी लावून पुसून टाका. काकांनी शिडी मागूनही आणली, आणि नेमकी त्याच दिवशी परवाना खात्याची नोटीस आली.

परवाना खात्यातल्या कारकुनाने काकांना समजावून सांगितलं. चावीवाला आणि इस्त्रीवाला यांच्या पाट्यांशी खात्याला कर्तव्य नाही, पण दात हा आरोग्याचा विषय. आरोग्याच्या बाबतीत पाटीवर दावा केला तर तो सिद्ध करावा लागतो. काका म्हणाले की दावा त्यांनी केलेलाच नाही, पेंटरने मोकळी जागा भरली आहे. कारकुनाने सहानुभूतीने मान हलवली आणि मोकळ्या जागेसाठी नियम नसल्याचं सांगितलं. मग मी आजच पुसतो, असं काका म्हणाले. तर चौकशी चालू असताना पाटीला हात लावला म्हणजे पुरावा नष्ट केल्यासारखं होईल, असं उत्तर मिळालं. सुनावणी महिन्याअखेर. तोवर जगप्रसिद्धी सिद्ध झाली नाही, तर दावा खोटा ठरून परवाना स्थगित. परवाना गेला की एकही डॉक्टर काम देणार नाही, हे काकांना सांगावं लागत नव्हतं. त्यांना दुसरं कुठलं काम येत नव्हतं आणि शिकायचं वय उरलं नव्हतं. त्यांनी दाताच्या कण्या करून पाहिल्या. तेवढ्यात आतून साहेब बाहेर आले. गंभीर गृहस्थ. तोंडापुढे हात धरून कारकुनाला काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा आत गेले. या माणसाला कधी कुणी हसताना पाहिलेलं नाही, असं कारकुनाने हळूच सांगितलं.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं वकील गाठा. कुणी म्हणालं परवान्यावरचा व्यवसायच बदलून घ्या, खेळणी लिहा. हेडमास्तरांनी जिन्यातूनच, अंतर राखून, सुचवलं की जगाची व्याख्या आधी खात्याकडून मागून घ्यावी. मेव्हणा मात्र आनंदात होता. आपण लावलेलं रोप एवढं वाढलेलं बघून त्याला भरून आलं होतं. "दाजी, सोपं आहे," तो म्हणाला. "तुमची एक कवळी परदेशात पाठवायची. तिथे कुणीतरी ती घालून, मागे मोठी इमारत वगैरे दिसेल असं उभं राहून, सफरचंद खायचं. फोटो काढायचा. झाला पुरावा."

परदेशी जाणारं तोंड इमारतीतच सापडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी लेकीकडे निघाल्या होत्या. उरलेसुरले दात त्यांनी प्रवासाआधीच काढून टाकले होते, आणि आता त्या नुसत्या हिरड्यांनी जगाला सामोऱ्या जाणार होत्या. त्यांना चिंता होती ती वेगळीच. नातवंडं तिथेच जन्मलेली, आजीची भाषा त्यांना येत नव्हती आणि त्यांची आजीला. "मी बोलणार काय त्यांच्याशी? नुसतं हसणार," त्या काकांना म्हणाल्या. "तर हसण्यापुरते तरी दात द्या. आणि हो, माझा उजवा सुळा जरा वाकडा होता. तसाच ठेवा. फार सरळ दात बघून लेक मला ओळखायची नाही."

आता इथे काकांना आपला नियम आठवला होता, हे सांगायलाच हवं. दात काढल्यावर हिरड्या बसायला काही महिने जावे लागतात. त्याआधी केलेली कवळी आज घट्ट बसते आणि पुढे सैल होते. हा नियम शांतपणे समजावून त्यांनी कितीतरी उतावळ्या गिऱ्हाइकांना परत पाठवलं होतं. पण सुनावणी जवळ आली होती, आजींचं विमान त्याहून जवळ, आणि मेव्हणा रोज संध्याकाळी स्टुलावर. काकांनी घाई केली. डॉक्टरांकडून माप घेऊन, राब राब राबून कवळी केली, वाकड्या सुळ्यासकट. ती आजींना बसली, शोभली, आजी हसल्या आणि विमानात बसून गेल्या.

सफरचंदाचा फोटो काही येईना. काका फोन उचलून बघत, ठेवत, मग फोन चालू आहे ना हे पाहायला काकूंना दुसऱ्या खोलीतून फोन करायला लावत. आणि मग सुनावणीला थोडेच दिवस उरले असताना फोन वाजू लागला. पण फोटो नव्हता. व्हिडिओ होता, आणि तो काकूंच्या माहेरच्या ग्रुपवर आला होता. मग तोच जुन्या मित्रांकडून आला, डॉक्टरांकडून आला, पेंटरकडून आला. कुठल्याशा परक्या देशातला वाढदिवस. पोरांच्या डोक्यांमागून काढलेला. मेणबत्त्यांवर कुणीतरी म्हातारी वाकलेली, तिची नुसती हनुवटी दिसते. जोराची फुंकर बसते, आणि मेणबत्त्यांच्या आधी कवळी निघते. हवेत एक कोलांटी खाऊन ती थेट केकमध्ये उतरते, अशी की मलईत ताठ उभी राहून साऱ्या जगाकडे बघून हसते. पोरं किंचाळतात, चित्र हलतं, संपतं. तो व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला होता आणि अजून बघत होते. खाली अनोळखी भाषांमध्ये अनोळखी माणसं हसत होती.

काकांनी तो पुन्हा पाहिला. मग थांबवून पाहिला. उजवा सुळा वाकडा होता.

त्यांनी फोन उपडा घातला. काकूंनी तो शांतपणे उचलून सरळ केला, बघितला आणि म्हणाल्या, "आजींचीच ना?" काकांनी मान डोलावली. "कुणाला कळणार आहे? चेहरा दिसत नाही," काकू म्हणाल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. इमारतीत प्रत्येकजण तो व्हिडिओ बघून पोट धरून हसत होता आणि कुणालाही काही कळलेलं नव्हतं. मेव्हणाही त्यात. त्याने तर येऊन दाखवलाच, वर म्हणाला, "हा कोण बेअक्कल कारागीर असेल हो दाजी?" काका म्हणाले, असेल कुणीतरी.

ते दिवस काकांना फार वाईट गेले. आयुष्यभर त्यांनी कवळीची बातमी तोंडाबाहेर जाऊ दिली नव्हती, आणि आता अख्खी कवळीच तोंडाबाहेर जाऊन जगभर फिरत होती. आजींना फोन करावा असं त्यांना दिवसातून अनेकदा वाटे. फोन हातात घेतला की म्हातारीची त्या परक्या घरात झालेली फजिती डोळ्यांपुढे येई, आणि ते फोन ठेवून देत. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

सुनावणीला मेव्हणा सोबत आला. सफरचंद नाही म्हणून तो खट्टू होता. कार्यालयात पोचले तर कारकुनाच्या टेबलाभोवती घोळका. तोच व्हिडिओ चालला होता. एरवी कुणाला टेबल सोडायला वेळ नसे, पण आज सगळे जमले होते. तोंडापुढे हात धरून खुद्द साहेबही मागे उभे होते. काकांची फाइल त्या फोनखाली दबलेली होती.

"पुरावा आणलाय का काही?" कारकुनाने डोळे पुसत विचारलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. नाही म्हणायचं, दावा खोटा आहे असं लिहून द्यायचं आणि घरी जायचं, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. परवाना गेला तर गेला. निदान नाव तरी कुणाला कळणार नव्हतं.

कारकुनाने हळहळ व्यक्त केली आणि फाइल ओढता ओढता व्हिडिओकडे शेवटचं बघून म्हणाला, "म्हातारीचीच चूक. कवळी सांभाळता येत नाही तर फुंकर कशाला मारायची? या वयात गप्प बसावं एका कोपऱ्यात."

घोळक्यातले दोघेतिघे हो म्हणाले.

"तिची चूक नाही," काका म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण सगळे वळले. "फुंकर कुणीही मारावी. कवळी बसली पाहिजे. हिरड्या बसायच्या आत ती केली, म्हणून उडाली. घाई केली. ही कवळी मी केलीय."

मेव्हण्याचं तोंड उघडं पडलं. क्षणभराने त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं आणि तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "मग हाच तर पुरावा! वर्ल्ड फेमस!" काकांना त्या क्षणी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण सरकारी कार्यालयातली जमीन, तिने जागचं हलायला नकार दिला.

साहेबांनी बोटाने खूण करून काकांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. खुर्चीत बसून त्यांनी फाइल बाजूला सारली. मग त्यांनी तोंडापुढचा हात खाली घेतला. त्यांची वरची सैल कवळी त्यांच्या आधीच बोलायला निघाली होती.

"माझा कारागीर म्हणतो, दोष माझ्या जबड्यात आहे," साहेब जपून जपून म्हणाले. "मी दुसऱ्याकडे गेलो. तोही तेच म्हणाला. माझी चूक झाली असं म्हणणारा कवळीवाला आज पहिल्यांदा ऐकला. मी हसणं सोडून दिलंय हो."

काकांनी खिशातून चष्मा काढला, साहेबांना खिडकीकडे तोंड करायला सांगितलं आणि बघितलं. जबड्यात काही दोष नव्हता. तसं त्यांनी सांगितलं. साहेबांनी तोंड फिरवलं आणि रुमालाने नाक पुसलं, नाक पुसण्याला लागतो त्याहून जास्त वेळ पुसलं.

फाइलचा निकाल तिथेच लागला. वस्तू जगभर माहीत असल्याचं खात्याच्या सर्व कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे, दावा खरा, पाटी कायम. काकांनी हात जोडून विनंती केली की आता तरी ते दोन शब्द पुसायची परवानगी द्यावी. साहेब विचारात पडले. खोटा दावा पुसायला नियम होता. सिद्ध झालेला दावा कुणी पुसायला मागितल्याचं खात्याच्या इतिहासात नव्हतं. त्यासाठी वरून मार्गदर्शन मागवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

घरी येऊन काकांनी चहासुद्धा न घेता आजींना फोन लावला. पडद्यावर आजी आल्या, बिनदातांच्या. काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. घाई माझी, चूक माझी, तुमची परक्या घरात शोभा झाली, नवी कवळी करून पाठवतो, माफ करा.

"माफ कसलं करायचं?" आजी म्हणाल्या. "अहो, आल्यापासून पोरं लांबून लांबून बघायची नुसती. मी हसले की तीही हसायची आणि आत पळायची. त्या दिवसापासून हलत नाहीत इथून. संध्याकाळ झाली की येतात आणि म्हणतात, आजी, परत. एवढा एक शब्द शिकलीयत माझा. परत." मागून कुणीतरी तो शब्द ओरडलंही. आजींनी मान वळवून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "नवी पाठवा, जेवायला लागेल. पण ही नाही देणार. ही उडवायला ठेवलीय."

आजी पुढे म्हणाल्या की इथे सगळे लेकीमार्फत विचारतात कुणी केली म्हणून, आणि त्या सांगतात की आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी, त्यांच्याकडे आमची सगळी इमारत जाते. बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. दात नसल्याने ती फारशी चावली गेली नाही. ते वाक्यही नातीने व्हिडिओत पकडून जगाला दाखवलं आहे, असं त्या ओशाळून म्हणाल्या.

काकांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी ते मागच्या खोलीत बसून मागच्या दाराकडे कान लावून होते. आता या दाराने कुणी येणार नाही हे उघडच होतं. इमारतीचं गुपित फुटलं होतं, तेही साऱ्या जगापुढे. त्यांनी साचा उचलला, ठेवला, उठून खिडकीशी जायला लागले, आणि दारावर थाप पडली. मागच्या नाही, पुढच्या.

काकू म्हणाल्या, "बघा कोण आहे ते."

काकांनी खिडकीतून वाकून पाहिलं. पाटीखाली, लख्ख उजेडात, साहेब उभे होते, तोंडावर हात न धरता. त्यांच्या मागे हेडमास्तर होते, ताठ पाठीने, डावा गाल जरासा सुजलेला. रुमाल त्यांनी घडी घालून खिशात ठेवला होता. पंक्चरवाला आपल्या खोक्यावरून उठून हे सगळं बघत होता आणि हेडमास्तर त्याला बघू देत होते.

काका पुढच्या दाराशी गेले. कडी गंजली होती, जरा जोर लावावा लागला.